सगळीकडं पिवळंच

(खंडेनवमी, २००६. कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीचं मागचं कुंपण. पुढच्या शेडमध्ये यंत्रांची पूजा चालली आहे. कुंपणालगत जमिनीवर पसरलेली, पिवळ्या फुलांची वेल. निर्मला आणि कंपनीत नोकरीला असलेला तिचा मुलगा राजशेखर.)

निर्मला : हितं न्हवं. हितं असतं तर मला कळलं असतं.

राजशेखर : अव्वा, जरा हळू.

निर्मला : कोण ऐकतंय हितं? समदी माणसं पुढं मशिनीला झेंडूचे हार घालायल्यात. तुला जायाचं तर तू बी जा. मी बघते माझं मी.

राजशेखर : तुला एकटीला सोडून जाऊ? सगळ्यांच्या आया-बायका तिकडं मांडवात खुर्च्यांवर बसल्यात आणि माझी आई कुंपणाला कमरेत वाकून वेली उचकटत हिंडतीय. कुणी येऊन विचारलं तर काय सांगायचं मी?

निर्मला : कानातलं पडलं म्हणून सांग. सांगायला तर येतंय की तुला.

राजशेखर : टोमणे नको आता.

निर्मला : टोमणा न्हाई. काल जेवताना भात कालवत कालवत म्हणालास, दसरा झाला की मागच्या कोपऱ्यात जेसीबी लागणार, पाण्याची टाकी बांधायची हाय. आणि लगेच म्हणालास, आमटी वाढ. आरं, तुझा बाप हाय तितं. घास कसा उतरला तुझा?

राजशेखर : उतरत नव्हता. म्हणून तर आमटी मागितली.

निर्मला : बरं. मग दाव आता जागा.

राजशेखर : माझ्या अंदाजानं इथंच कुठंतरी. दिव्याचा एक खांब होता, त्याला लागून डाव्या अंगाला. मी त्याच्यावरनंच ओळखायचो. मागच्या साली आतला रस्ता मोठा केला तेव्हा खांब उपटून तिकडं नेऊन लावला. मी रजेवर होतो, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेत. परत येऊन बघतो तर खांबच नाही.

निर्मला : बापाची खूण म्हणून तू खांब धरलास.

राजशेखर : मग काय धरू? पूर्वी तेवढीच जागा पिवळी होती. आता बघ, सगळीकडं पिवळंच.

निर्मला : सगळीकडं पिवळं कुणी केलं?

राजशेखर : वेल आहे ती अव्वा. पसरते.

निर्मला : पसरती, ठाऊक हाय मला. पर डांबरी रस्ता ओलांडून पुढच्या गेटापतूर चालत गेली व्हय? गेटावर बी बघितली मी येताना. हापिसाच्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगाला बी हाय. कुंडीत सुद्धा हाय.

राजशेखर : लावली. कंपनीनं लावली.

निर्मला : कंपनीनं. हं. सर बाजूला, मला त्या वरच्या अंगाला बघू दे.

राजशेखर : साडी अडकंल. थांब, मी उचलून धरतो वेल. आता बघ.

निर्मला : काय बघू? मातीच दिसती नुसती. मातीवर काय नाव लिवलेलं असतंय?

राजशेखर : नीट विचार करू. आधीच्या बांधापासनं किती लांब होतं?

निर्मला : बांध कुठाय? तू दाव बांध, मी सांगते लांबी. हितं जांभळ हुती तुझ्या आज्यानं लावलेली, ती कुठाय? विहिरीकडं जायची पायवाट कुठाय? ओढा तेवढा राहिलाय कुंपणाच्या पल्याड, तो बी वाकडा केलाय. मी ह्या रानात लग्न होऊन आल्यापास्नं खुरपलं. डोळं झाकून फिरायची. आज माझ्याच रानात मला वाट विचारायला लागायली.

राजशेखर : आपलं रान म्हणू नको गं.

निर्मला : का? ते बी हळू म्हणायचं?

राजशेखर : तसं नाही.

निर्मला : मी अवसेला येते हे ठाऊक हाय तुला?

राजशेखर : कुठं येतीस?

निर्मला : पल्याड. ओढ्याच्या अंगानं. नारळ न्हाई, उदबत्ती न्हाई, नुसती येऊन हुभी राहते. शेरडं राखणाऱ्या बायका विचारत्यात, तर म्हणते शेण गोळा करायला आले. पयल्यांदा बरं हुतं. सगळा मुरूमच मुरूम, आणि मधी एक घोंगड्याएवढा पिवळा तुकडा. त्याच्याकडं तोंड करायचं, हात जोडायचे, कपाळाला विभूती लावायची, चालू लागायचं. मग एका वर्षी आले तर हिकडं पिवळं, तिकडं पिवळं. कुठल्या बाजूला तोंड करावं कळंना. मग सगळ्या कुंपणालाच हात जोडले आणि आले घरी.

राजशेखर : मला का नाही सांगितलंस?

निर्मला : काय सांगू? नवरा कुठं बसवलाय हे बायकोला सांगता येत न्हाई, ह्याची लाज वाटत हुती मला. अजून वाटती. आणि वेल लावली कुणी? मीच. तुझा काका म्हणाला, दगड नको, तुळस नको, कसली खूण नको. रान सरकारजमा झालंय, कुणाला कळलं तर उकरून काढायला लावतील. मग मी नेसरीला आक्काच्या दारात ही वेल बघितली. दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि एस्टीत मांडीवर धरून आणल्या. म्हटलं, बांधावर उगवलेल्या वेलीला कोण विचारतंय. बारमाही फुलती. उन्हाळ्यात पाणी नसलं तरी तग धरती. आपल्याला आत येता आलं न्हाई तरी त्यांच्यावर फूल असंल. लई शहाणपणा केला मी. तिला पाय असत्यात हे इसरले.

राजशेखर : तुझं काही चुकलेलं नाही.

निर्मला : माझं न्हाई चुकलं, तर मग कुणाचं?

राजशेखर : उन्हात उभी राहू नको. इकडं सावलीला ये जरा.

निर्मला : शिवांजलीला काय सांगून आलास?

राजशेखर : अव्वाला बाग दाखवून आणतो म्हटलं. ती मांडवात बसलीय.

निर्मला : तिला ठाऊक न्हाई?

राजशेखर : नाही.

निर्मला : चार वर्षं झाली लग्नाला. लग्न झाल्यावर तिला सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवायला कुठं नेलतंस? मी विचारलं तवा म्हणालास, गाडीवरनं जाऊन नमस्कार करून आलो. मला वाटलं कुंपणापतूर तरी आणलास.

राजशेखर : गावच्या रुद्रभूमीत नेलतं.

निर्मला : तितं कोण हाय आपलं?

राजशेखर : एक जुनी समाधी होती. दगडावरचं नाव पुसलेलं. तिथं वाकलो दोघं.

निर्मला : कुणाची?

राजशेखर : माहीत नाही.

निर्मला : कुणाच्या तरी बापाला सासरा म्हणून दावलास तिला.

राजशेखर : तिनं फुलं वाहिली. म्हणाली, अप्पांच्या समाधीला जरा चुना मारून घेऊ या. दर शिवरात्रीला म्हणते.

निर्मला : आरं मग मार चुना. त्या बिचाऱ्याला तरी कुणाचा चुना लागंल.

राजशेखर : बोल. काय बोलायचं ते बोल. मला घरातनं बाहेर काढलंस तरी चालंल. पण आधी जागा सापडू दे.

निर्मला : तोंड पूस. घाम आलाय का रडतोयस, मला कळंना.

राजशेखर : ऐक. ती जाळी सगळ्यात जुनी. जुनी म्हणजे सगळ्यात दाट असणार. बाकीची मागनं लावलेली, ती पातळ असणार. दाट कुठं आहे ते बघत जाऊ.

निर्मला : ही बघ, गुडघ्याला लागायली.

राजशेखर : खाली हात घाल.

निर्मला : नळी लागती हाताला. पाण्याची.

राजशेखर : मग ती नाही. पाणी गळतंय म्हणून फोफावलीय तिथं. पुढं बघ.

निर्मला : ही बी दाट हाय. ती पल्याडची बी. आरं, समदीच दाट हाय की ही बया.

राजशेखर : अव्वा, सरळ उभी राहा. कृष्णातमामा येतोय. कंपनीचा माळी. तू काही बोलू नको, मी बोलतो.

कृष्णात : सायेब, तुमी हितं व्हय. पुढं मॅनेजरसायेब तुमास्नी हुडकायल्यात. पूजा झाली, नारळ कुनी फोडायचा म्हनून आडलंय सगळं. ह्या आई जनू? राम राम आक्का.

निर्मला : राम राम भाऊ.

कृष्णात : येल बघायला आलासा? बघा की, बघा. कोल्लापुरात टाऊन हॉलच्या बागंत बी असला गालिचा मिळायचा न्हाई. भायेरनं पावनं आलं की पयल्यांदा हितं आनत्यात, फोटू काढत्यात. म्हंत्यात, माळी कोन हाय? मी कोपऱ्यात हुबा असतो. कोन विचारत न्हाई मला, पर बरं वाटतंय.

राजशेखर : मामा, अव्वाला दारात लावायला फांदी पाहिजे. जुन्या जाळीची. सगळ्यात जुनी कुठली तेवढं दाखवा, आणि व्हा पुढं. आलोच आम्ही.

कृष्णात : जुनी कशाला? जुनं खोड लाकडागत हुतंय सायेब, ते धरत न्हाई. आक्का, तुमी कवळी टोकं न्या. वीतभर. पेरं मातीत गेली पायजेत, पेरालाच मुळ्या फुटत्यात तिला. पयलं वरीस गवत हातानं उपटायचं, आळस करायचा न्हाई. दुसऱ्या वर्सापास्नं तीच गवताला दाबून टाकती. पानी जादा घालू नगा. लाडावती मग, नुसती पानं सोडती, फूल देत न्हाई.

निर्मला : मला जुनीच पायजे भाऊ.

कृष्णात : देतो की. आनि एक सांगून ठेवतो. पाऊस लागायच्या आदी कोयत्यानं वरनं उडवायची. पार बोडकी करायची. बघणारा म्हंतोय, मारली की रं येल. पर श्रावनात बगा, पुन्ना तोंड वर. तिला मारायला गेलं की जादा फुलती. असली चिवट जात दुसरी न्हाई.

राजशेखर : मामा, जुनी कुठली?

कृष्णात : सांगतो की सायेब, घाई काय हाय? आक्का, ही समदी एकाच जाळीची लेकरं हायत बघा. मी कामाला लागलो तवा हा सगळा उघडा माळ. मुरूम आनि मुरूम. आन ह्या अंगाला एकच जाळी. तिच्या अंगावर बी मुरमाची गाडी वतलेली, तरी कडंनं वर आलेली. मॅनेजरसायेब एकदा फिरत फिरत आलं. म्हनालं, ही झकास हाय की, कुनी लावली? तर हे आपलं सायेब म्हनालं, कुनी लावली न्हाई, जंगली हाय, आपोआप उगावलीया.

निर्मला : काय म्हणालं?

कृष्णात : जंगली. मॅनेजरसायेब म्हनालं, मग असली फुकटची येल हाय तर लावा की सगळीकडं. आन लावली आमी. दोन पावसाळं लागलं. सायेबांनी माज्या बरूबर बसून, ह्या हातांनी टोकं खोचली. सायेब लोक मातीत हात घालत न्हाईत, पर ह्यांनी घातला. मी गावात सांगत असतो.

निर्मला : कुणी लावली न्हाई म्हणालास.

राजशेखर : अव्वा, इथं नको.

निर्मला : एस्टीत मांडीवर धरून आणली मी. कंडक्टर म्हणाला, बाई, पोर हाय का काय फडक्यात.

राजशेखर : घरी बोलू. पाया पडतो तुझ्या.

कृष्णात : माजं काय चुकलं का सायेब?

राजशेखर : नाही मामा. तुम्ही जा पुढं.

निर्मला : जाऊ नका भाऊ. हुभं ऱ्हावा. आणि तू माझ्याकडं बघून सांग. का म्हणालास तसं?

राजशेखर : तुला माहीत नाही अव्वा. मी नवीन लागलो तेव्हा कँटिनमध्ये एक बोलणं उठलं होतं. कुठल्याशा कंपनीत म्हणे पाया खणताना हाडं निघाली. खरं का खोटं, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पोरं आठवडाभर तेच चघळत होती. एकजण म्हणाला, लिंगायतांच्यात पुरतात की, रानात कुठंबी. आता आम्ही काय मढ्यावर मशीन चालवायची? रात्रपाळीला मी येत नाही बाबा म्हणाला, आणि नाचून दाखवलं त्यानं, भूत कसं उठतं ते. माझ्या ताटाला ताट लावून जेवणारी पोरं सगळी.

निर्मला : आणि तू?

राजशेखर : हसलो.

निर्मला : हसलास.

राजशेखर : सगळ्यात मोठ्यानं हसलो. त्यानंतर साहेबांनी विचारलं, कुणी लावली. तोंडातनं जंगली निघालं. आणि सगळीकडं लावा म्हणाले तेव्हा मला बरंच वाटलं. एकच तुकडा राहिला असता तर उद्या पुन्हा कुणीतरी विचारलं असतं. सगळीकडं तीच दिसायला लागली की कोण विचारतंय? मला वाटलं मी लपवतोय. हरवतोय हे कळलंच नाही मला.

कृष्णात : काय लपवायल्यासा सायेब? मला तर कायच उमजंना. काय चोरीबिरीचं हाय का? असलं तर मी ऐकलं न्हाई म्हंतो, जातो.

निर्मला : सांग त्यांना.

राजशेखर : तूच सांग.

निर्मला : मी सांगितलं तर म्हातारीचं रडगाणं हुईल. तुझ्या तोंडानं सांग. ज्या तोंडानं जंगली म्हणालास त्याच तोंडानं.

राजशेखर : मामा, हे रान आमचं होतं.

कृष्णात : ते ठावं हाय की. जमीन गेली म्हनून तर नोकरी लागली तुमाला.

राजशेखर : माझे वडील इथं आहेत.

कृष्णात : हितं म्हंजे? पूजंला आल्यात?

राजशेखर : नाही. ह्या वेलीखाली. आमच्यात जाळत नाहीत मामा. बसवतात. पूजेला बसल्यासारखं, मांडी घालून, हातात लिंग देऊन. अप्पा गेले तेव्हा जमीन कागदावर गेली होती, पण ताबा घ्यायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं, मला माझ्याच रानात बसवा. काकानं आणि आम्ही बसवलं. कुणाला सांगितलं नाही.

निर्मला : कागद झाल्यापास्नं जेवण तुटलं हुतं त्यांचं. दिवसभर बांधावर बसून असायचे. म्हणायचे, निर्मला, सगळी उठून गेली तरी मी हितनं हलत न्हाई. मला वाटायचं रागानं बोलायल्यात. एक दिवस तितंच बसल्या जागी गेले. मग दुसरीकडं कुठं नेणार? स्वामींनी बी हळू आवाजातच मंत्र म्हटले. एवढा मोठा माणूस, चोरून ठेवल्यागत ठेवला आम्ही.

राजशेखर : ती पहिली जाळी त्यांच्यावरची आहे. अव्वानं लावलेली. आणि आता टाकी खणणार. आणि माझ्या बापाची जागा मला दाखवता येत नाही मामा. खांबावरनं ओळखायचो, तो खांब हलवला. आम्ही सकाळपासनं दाट कुठं आहे ते बघत फिरतोय.

कृष्णात : थांबा. थांबा जरा. पयली जाळी म्हंता तुमी.

राजशेखर : हो.

कृष्णात : ती मुरमातनं वर आल्याली.

राजशेखर : तीच. तुम्हाला आठवतीय जागा?

कृष्णात : दाट बघू नगा. ती दाट न्हाई आता.

निर्मला : गेली व्हय?

कृष्णात : गेली न्हाई. तुमी हिकडं या आक्का. सांबाळून, नळी हाय पायात. हितं. सायेब, मॅनेजरसायेब मला दर पावसाळ्यात बोलत्यात की, मामा हितं टक्कल पडलंय, बरं दिसत न्हाई, भरून काढा. मी दर साली टोकं खोचतो, आन दर साली उघडी पडती. ते हेच.

राजशेखर : हे? इथं तर काहीच नाही. नुसती माती.

कृष्णात : हेच हाय.

राजशेखर : नक्की? मामा, चुकलं तर पुन्हा बघायला मिळणार नाही.

कृष्णात : मी इसरीन व्हय ही जागा? सगळ्या माळात तेवढीच मऊ हुती. बाकी समदा दगड. रोज दुपारी मी हितंच... असू दे ते. जागा हीच. माज्या पोरांची शपत घेतो.

निर्मला : शपत नको भाऊ. मला कळतंय. ओढ्यावरनं वारं येतंय बघ राजशेखर. ते बसायचे तितं असंच यायचं.

राजशेखर : अव्वा, चुन्याची रेघ बघ.

निर्मला : कसली?

राजशेखर : टाकीची. ही इकडची, ती तिकडची. जागा बरोबर मध्ये आलीय.

कृष्णात : चुना मीच मारलाय सायेब. काल सांच्याला. इंजिनिअरनी दोरी धरली आन मी मारला.

निर्मला : रेघ हलती का न्हाई?

राजशेखर : हलवता येईल. वरच्या अंगाला जागा आहे, नळ थोडा वाढवावा लागंल. पण मॅनेजरसाहेब कारण विचारतील.

निर्मला : मग काय सांगणार? खाली नळी हाय म्हणून?

राजशेखर : तसं सांगितलं तर लगेच ऐकतील. कुणाला काही कळणार नाही.

निर्मला : कुणाला काय कळणार न्हाई. व्हय.

राजशेखर : अव्वा, नाही. तसं नाही सांगत मी. माझा बाप हाय तितं म्हणून सांगतो.

निर्मला : पोरं हसतील.

राजशेखर : हसू देत. मी बी हसलोच हुतो की.

निर्मला : आणि मॅनेजर न्हाई म्हणाला तर?

राजशेखर : तर जेसीबीच्या पुढं येऊन बसतो. त्यांच्या शेजारी. नोकरी गेली तर गेली.

निर्मला : नोकरी घालवायला मी तुला हितं आणलं न्हाई. नीट बोल. हात जोडून बोल, पर खरं बोल. आत्ताच जा. नारळ फुटायचाय न्हवं? समदी माणसं एका जागी हायत, त्यांच्या पुढ्यात सांग. मागनं केबिनमधी जाऊन कानात सांगू नको.

राजशेखर : तू?

निर्मला : मी बसते हितं जरा. एवढ्या वर्षांत पयल्यांदा आत आले. आणि शिवांजलीला लावून दे हिकडं. काय काय सांगायचं ते मांडवातनं येता येता तूच सांग तिला. त्या दुसऱ्या समाधीचं बी सांग. लपवू नको काय.

राजशेखर : येतो.

निर्मला : राजशेखर.

राजशेखर : काय?

निर्मला : फुलं वाहिलीत त्या माणसाला, ते वाईट न्हाई केलंत. शिवरात्रीला त्याला बी चुना मारून या.

राजशेखर : बरं.

निर्मला : जा आता.

राजशेखर : जातो.

निर्मला : गेला. चालतोय बी बापासारखाच, खांदा पाडून. भाऊ, तुमी का हुभं राहिलासा? जावा की. परसाद संपंल.

कृष्णात : आक्का, मला तोंड दावायला जागा न्हाई बघा.

निर्मला : तुमाला काय झालं?

कृष्णात : मगाशी बोललो न्हाई मी. सायेबांच्या पुढं जीभ उचलंना. रोज दुपारी मी हितंच बसतो जेवायला. लागल्यापास्नं. फडकं सोडायचं, भाकरी कांदा खायाचा. तेवढीच मऊ जागा, म्हनून बूड टेकायचो. ती येल हितं धरत न्हाई ती माज्यामुळं. मीच बसून बसून मारली. मॅनेजरसायेब टक्कल म्हनायचं, आन मी मुकाट टोकं खोचायचो, आन दुपारी पुन्ना त्याच्यावरच बसायचो.

निर्मला : रोज?

कृष्णात : रोज. पाऊस असला तर पोतं पांघरून. आक्का, नुसती भाकरी असती तर येक येळ. घरात वशाट झालं की ते बी आनायचो. मासळी, मटान. तुमी लिंगायत मानसं, तुमच्या घरात वास बी चालत न्हाई. मी हितं हाडं चघाळली, हितंच चूळ भरली, हितंच बिडी वडली. पायात चप्पल. ते खाली देवागत बसल्यात, आन मी त्यांच्या डोस्क्यावर. मला काय ठावं न्हवतं हो. कुनी सांगितलंच न्हाई.

निर्मला : सांगणार कोण? सांगणाऱ्यांनीच तोंड शिवून घेतलं हुतं.

कृष्णात : आन मी गप बी बसत न्हाई. मला बडबडायची सवं हाय. दुसरं कोन नसतंय हिकडं, मग येलीसंगं बोलत बसायचो. घरचं, शेताचं, बायकूचं गाऱ्हानं, पोरगीच्या लग्नाचं. समदं हितं बसून बोललोय. शिव्या बी दिल्यात. काय म्हनत असतील ते मला?

निर्मला : एकटंच असायचासा जेवायला?

कृष्णात : मी आन ते. म्हंजे आता कळलं तसं.

निर्मला : बसा की मग. का हुभं राहिलासा?

कृष्णात : आता कसं बसू आक्का?

निर्मला : बसा हितं, शेजारी. बरं झालं भाऊ तुमी रोज आलासा ते. त्यांना एकट्यानं जेवायची कधी सवय न्हवती.